तासाभराचं विमान, पण आदल्या दिवशीच निघायचं

कोल्हापूर ते मुंबई विमानाने किती वेळ? मोबाईलवर शोधा, लगेच उत्तर येतं. हवाई अंतर साधारण ३१० किलोमीटर, वेळ तासभर. रस्त्याने पावणेचारशेच्या पुढे. ऐकायला एकदम झकास!

आता माझा हिशोब ऐका. आईला तपासणीसाठी परळच्या एका हॉस्पिटलात न्यायचं होतं. वेळ सकाळी नऊची आणि विमान दुपारचं, म्हणजे आदल्या दिवशीच जाणं आलं. गडहिंग्लजहून उजळाईवाडी पावणेदोन तास. तिथं दीड तास आधी हजर. विमान तासाचं. उतरल्यावर बॅगा, टॅक्सी, परळपर्यंतचं ट्रॅफिक, आणखी दीड तास. झाले पावणेसहा तास, वर रात्रीचा लॉज. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून सुटलो तीनला, तोवर परतीचं विमान उडालेलं. शेवटी रात्रीची बस. आई म्हणाली, "तासात पोचवतंय म्हणालास न्हवं? मग काल सकाळीच का निघालो?"

काय सांगणार?

मुळात तो 'तास' सुद्धा सगळा हवेतला नसतो. छोटं एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं, त्या हिशोबाने ३१० किलोमीटरला चाळीस मिनिटंही लागू नयेत. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, मुंबईवर उतरायला नंबर लागणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. म्हणूनच सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत स्लॉट मिळणं अवघड.

माझं म्हणणं एवढंच. विमानतळाची नवी इमारत, नाव, श्रेय यावर आपण भरपूर भांडतो. विमान किती वाजता सुटतं यावर कोण बोलतंय? सकाळी जाऊन काम उरकून संध्याकाळी परत येता आलं, तरच पेशंटला, व्यापाऱ्याला, मुलाखतीला जाणाऱ्या पोराला त्याचा उपयोग. नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेस बरी. रात्री झोपलं की सकाळी मुंबई.

आता नवी मुंबईचा विमानतळ झालाय. तिथून अटल सेतूने शिवडी, आणि शिवडीला लागूनच परळ. तिथले सकाळ-संध्याकाळचे स्लॉट भरून जायच्या आत आपल्या खासदार-आमदारांनी कोल्हापूरसाठी मागून घ्यावेत.

सर्किट बेंचसाठी आपण वर्षानुवर्षं रेटा लावला, तेव्हा कुठे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात कामकाज सुरू झालं. पक्षकारांची मुंबईवारी वाचली. पेशंटची अजून वाचलेली नाही. निदान ती एका दिवसात उरकावी, एवढं तरी मागूया.

तुम्हाला घरातून निघाल्यापासून मुंबईत कामाच्या ठिकाणी पोचेपर्यंत किती तास लागले? कमेंटमध्ये लिहा. तिकिटावरचे नकोत, खरे तास लिहा.