दोन मोतिये, एक रिपोर्ट

आपल्या घरांत डोळ्यांच्या दोन वेगळ्या आजारांना एकच नाव आहे. मोतीबिंदू म्हणजे सफेद मोतिया आणि काचबिंदू म्हणजे काला मोतिया. सफेद मोतियात डोळ्यातले भिंग धुरकट होते. ऑपरेशन करून ते बदलता येते आणि अंधूक झालेली नजर पुन्हा साफ होते. काला मोतियात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते. तिथे गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली राखायची असते.

उतारवयात हे दोन्ही आजार एकाच डोळ्यात असू शकतात. मग फील्ड टेस्टचा रिपोर्ट वाचताना घरच्यांची गल्लत होते.

या टेस्टमध्ये एक डोळा झाकून समोरच्या दिव्याकडे टक लावून पाहायचे असते. आजूबाजूला मंद ठिपके चमकतात. दिसला की बटण दाबायचे. काही ठिपके निरोगी माणसालाही दिसत नाहीत, त्यामुळे अम्मींना आधीच सांगावे की घाबरून अंदाजाने बटण दाबू नका. यातून कुठल्या जागी किती मंद प्रकाश दिसतो याचा नकाशा तयार होतो. काचबिंदूत या नकाशावर ठरावीक जागी, बहुधा नाकाच्या बाजूला किंवा कमानीच्या आकारात डाग दिसतात.

मोतीबिंदूचे तसे नसते. वर्गाच्या खिडकीची काच धुळीने माखली की सगळेच मैदान अंधूक दिसते. तसाच मोतीबिंदूमुळे बहुतेक सगळा नकाशा फिका पडतो. रिपोर्टवर ‘एमडी’ नावाचा आकडा असतो. तो जितका जास्त उणे, तितकी नजर कमी. समजा, मागच्या वेळी तो उणे ४ होता आणि यंदा उणे ८ आला. काला मोतिया वाढला म्हणून घरात रडारड होते. तो वाढला असेलही, पण निव्वळ काच मळलेली असण्याचीही शक्यता आहे.

हे ताडण्यासाठी रिपोर्टवर दोन नकाशे असतात. ‘टोटल डेव्हिएशन’मध्ये सगळी घट दिसते. ‘पॅटर्न डेव्हिएशन’मध्ये सगळीकडचा सारखा अंधूकपणा वजा करून उरलेले डाग दाखवतात. पहिला नकाशा काळा आणि दुसरा बराचसा साफ असेल, तर संशय मोतीबिंदूवर जातो. दोन्हींत एकाच जागी डाग असेल, तर काचबिंदूचा विचार करावा लागतो. मात्र दाट मोतीबिंदूत हे गणितही फसू शकते. म्हणून डॉक्टर नस, दाब आणि जुने रिपोर्ट ताडून पाहतात. निकाल त्यांनीच द्यायचा, आपण फक्त विचारायचे, “डॉक्टरसाहेब, ही घट कोणत्या मोतियामुळे आहे?”

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. “मोतियाच आहे, पिकला की काढू,” म्हणत काही घरांत काचबिंदूची तपासणी लांबवली जाते. काही घरांत ऑपरेशननंतर लख्ख दिसू लागले की काचबिंदूचे थेंबही बंद होतात. भिंग बदलले तरी नस तीच आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेंब थांबवू नका. रमजानमध्येही नाही, डोळ्यांत थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमांचे मत आहे. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा आणि सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ऑपरेशननंतर डोळा बरा झाला की नवी फील्ड टेस्ट कधी करायची ते विचारा. त्यात एमडी सुधारेल, पण काचबिंदूचा डाग तसाच राहील. कधी तो आधीपेक्षा ठळकही दिसेल. तो आजचा नसतो, धूळ गेल्यामुळे नजरेस पडतो. पुढची तुलना या नव्या रिपोर्टशी करायची. तरी जुने रिपोर्ट फेकू नका, तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा.

आणि काचबिंदू अम्मींना किंवा अब्बांना असेल, तर त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत. हा आजार घराण्यात उतरू शकतो आणि सुरुवातीला बहुधा दुखत नाही.