जागता शेजार हवा, उठलेला जमाव नको

शहरात कोठे घरफोडी झाली, किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्ध दांपत्यावर कोणी हात टाकला, की दोन मागण्या ठरलेल्या असतात. पोलिसांची गस्त वाढवा ही पहिली. आणि आमच्या तरुणांना काठ्या घेऊन रात्री पहारा करू द्या ही दुसरी. पहिली मागणी रास्त आहे, तिच्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दुसरीही वरवर पाहता तितकीच निर्दोष दिसते. आपल्या आळीचे रक्षण आपण करावे, यात वावगे ते काय? परंतु या मागणीच्या पोटी जशी एक आशा आहे, तसाच एक भयंकर धोकाही आहे. त्या दोहोंचा निवाडा वेळीच केला नाही, तर चोर बाजूला राहतील आणि निरपराधांचे रक्त सांडेल, हे बजावून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर राखावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. जुन्या गावगाड्यात जागल्या होता. ज्यांच्या माथी गावाच्या रक्षणाचा भार, त्यांनाच गावकुसाबाहेर ठेवण्याचा अन्यायही त्याच गावगाड्यात होता. शहरात जागल्याचे काम चाळीच्या लांब गॅलरीने केले. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजले की, "कोण पाहिजे?" असा प्रश्न दहा दारांतून एकदम येई. त्या चौकसपणाला आम्ही नावे ठेवली. पण त्याच्याइतका स्वस्त आणि सावध पहारेकरी शहराला पुन्हा मिळालेला नाही. आज चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. फाटकावर रखवालदार आला, भिंतीवर कॅमेरा आला आणि समोरच्या दाराआड कोण राहते हे मात्र आम्हांस ठाऊक नाहीसे झाले. कॅमेरा चोराचे चित्र टिपतो. आजारी पडलेल्या आजोबांनी दोन दिवस दार उघडले नाही, याची काळजी तो करीत नाही. ती शेजाऱ्यानेच करावयाची असते.

तेव्हा शेजार जागा झाला पाहिजे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो कशासाठी आणि कोणाविरुद्ध जागा व्हावयाचे, हा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, ऐन बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारण्यात आले. ते भिक्षेकरी होते. मुले पळविल्याची केवळ आवई होती आणि ती मोबाइलवरून पसरली होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोरांच्या अफवांनी जागे राहिलेल्या लोकांनी दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचे प्राण घेतले. आणि तेही पोलिसांच्या डोळ्यांदेखत. ही माणसे स्वतःला गुन्हेगार समजत नव्हती. आपण गाव राखीत आहो, अशीच त्यांची समजूत होती. यापेक्षा भयाण गोष्ट कोणती? म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण अशाच प्रसंगासाठी आहे. आणि येथे तर म्हातारी मेल्याचे दुःखही थोडे नाही.

अशा संशयाचा पहिला बळी नेहमी एकच असतो : ज्याला घर नाही, ओळख नाही, ज्याचा वेश व बोली वेगळी आहे तो. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कलंक पुसला. कायद्याच्या पुस्तकातून पुसलेला हा कलंक गस्तीच्या पथकाने रस्त्यावर पुन्हा लिहावा, हे आम्हांस कदापि मान्य होणार नाही.

मग मार्ग कोणता? तो महाराष्ट्रातच सापडलेला आहे. १९७० आणि १९८४ या दोन्ही साली भिवंडी दंगलींनी होरपळून निघाली होती. पुढे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी पोलिसांसह नियमाने एकत्र बसू लागले. त्यांच्यापुढे येत ते नळाचे, उंबऱ्याचे, पोरांच्या भांडणाचे साधे प्रश्न. पण त्यातून ओळख झाली, आणि ओळखीतून अफवेला जागेवरच विचारण्याची सोय झाली. १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. मुंबईनेही नंतर तोच धडा गिरवून मोहल्ला समित्या स्थापिल्या. भिवंडीला काठीने वाचविले नाही, परिचयाने वाचविले, हे नीट ध्यानी घेतले पाहिजे.

म्हणून आमचे नागरिकांना सांगणे असे की, समिती जरूर काढा. पण तिची पहिली बैठक चोरीनंतर नव्हे, चोरीपूर्वी भरवा. तीत भाडेकरू, रखवालदार, घरकाम करणाऱ्या बाया, हातगाडीवाले यांनाही बसवा. कारण रस्ता अधिक पाहतात ते तेच. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे रोज एक फेरी कोणाची, हे ठरवा. संशय आला तर ११२ क्रमांक फिरवा, आणि ऐकीव वार्ता पुढे ढकलण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारा. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला, तर नागरिकाला आरोपी धरता येतो. परंतु नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाप्रमाणे त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. धरण्याचा हा अधिकार मारण्याचा नव्हे. चोर खरा असला तरीही नव्हे.

सरकारलाही दोन शब्द ऐकविणे भाग आहे. लोक काठ्या घेऊन उठतात ते हौसेने नव्हे. ठाण्यात तक्रार घेण्यास टाळाटाळ होते आणि बोलावणे गेल्यावरही गाडी येत नाही, तेव्हा उठतात. शेजारी हा पोलिसाचा सोबती होऊ शकतो, त्याचा बदली कामगार होऊ शकत नाही. बीटवरचा शिपाई वस्तीला नावाने ओळखता झाला, तर निम्मे काम तेथेच होईल.

आपल्या दारापुढे थांबलेल्या परक्या माणसाला आपण काय विचारतो, यावर शहराची सुरक्षितता आणि सभ्यता दोन्ही अवलंबून आहेत. "कोण पाहिजे?" हा प्रश्न अवश्य विचारावा. मात्र उत्तर ऐकून घेण्याइतका धीरही अंगी असावा.