ब्रॅड लोमॅक्स आपल्याला माहीत का नाही?

ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. मग त्याच ब्लॅक पँथरचा ब्रॅड लोमॅक्स आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे तो व्हीलचेअरवर होता. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून अधिक अपंगांनी ठिय्या दिला. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत अपंगांशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला होता, पण सरकार त्याचे नियमच काढत नव्हते. लोमॅक्स आत बसला होता. त्याचे पँथर साथी रोज गरम जेवण घेऊन येत. तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या टिकला आणि नियमांवर सही झाली.

१९८४ मध्ये, ३३व्या वर्षी तो गेला. न्यूयॉर्क टाइम्सने त्याचा मृत्युलेख छापायला २०२० उजाडले!

पण त्यांना नावे ठेवण्याआधी आपले बघू. जयंतीच्या स्टेजला पायऱ्या असतात, रॅम्प नसतो. अपंग कार्यकर्त्याला शाल मिळते, कार्यकारिणीत जागा मिळत नाही. 'हरिजन' हा शब्द नाकारणारे आपण 'दिव्यांग' शब्दावर मात्र टाळ्या वाजवतो. दोन्हींत दैवी गौरव आहे, हक्क नाही.

येत्या १४ एप्रिलला आधी रॅम्प बांधा, मग समतेवर भाषण करा.

जय भीम!