हँडलवरची शबनम

साहित्यिकाची ओळख ठरलेली शबनम पिशवी खांद्यासाठी शिवलेली असते, हे सायकलवर बसताना आम्ही वर्षानुवर्षे विसरत आलो. नांदगाव पेठहून अमरावतीस जायचे, तर पिशवीचा लांब बंद हँडलच्या मुठीशी दोनदा गुंडाळायचा आणि निघायचे; आत ग्रंथालयाची दोन जाड पुस्तके. एकदा तो बंद सुटून पुढच्या चाकाच्या तारांत गेला. मागून मालमोटार येत नव्हती, म्हणून हा लेख लिहिला जात आहे.

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या या गावाला औद्योगिक वसाहत लागून आहे. जड वाहनांच्या त्या वर्दळीत सायकल हातभर बाजूला गेली तरी पुरे. एका मुठीला लटकलेली पिशवी हँडल आपल्या अंगाला ओढते, आणि खड्ड्यागणिक झोका घेत ती ओढ बदलत राहते. हातांना याची इतकी सवय होते की आपण सायकल सावरतो आहोत हेच जाणवत नाही.

हँडलला पिशवी हवीच असेल, तर ती हँडलसाठी केलेली घ्यावी, आणि लहान घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे. दुकानात मोठीच डोळ्यांत भरते. लांब पल्ल्याच्या फ्रेंच सायकलस्वारांच्या पिशव्या मोठ्या असतात खऱ्या, पण त्या पुढच्या चाकावरच्या लहान कॅरिअरवर टेकतात, नुसत्या हँडलला लोंबत नाहीत. आपल्याकडे ते कॅरिअर सहसा नसते. तेव्हा चष्मा, वही, पाणी, फार तर एक सडपातळ कवितासंग्रह. वजन दीड-दोन किलोंच्या आत. जाड ग्रंथ मागच्या कॅरिअरवर जावेत. (समीक्षाग्रंथांना ती जागा अपमानास्पद वाटू नये.) कापड पाणी न शिरणारे असावे, आषाढात भिजलेली वही आम्ही पुष्कळदा वाळवली आहे.

खरी मेख बांधणीत आहे. जुन्या काळ्या सायकलींचे ब्रेक सळईचे असतात. मुठीखालची दांडी वर ओढावी लागते. पट्टा हँडल आणि सळई दोहोंना मिळून आवळला, तर ब्रेक अर्धवट लागतो, आणि हे उतारावरच कळते. पट्टा सळईच्या आतून, केवळ हँडलभोवती फिरवावा. तारेच्या ब्रेकमध्ये पिशवीने तार मुडपत नाही ना, ते पाहावे. मग सायकल उभी असतानाच हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे, दोन्ही ब्रेक दाबावेत आणि भरलेली पिशवी हाताने खाली दाबून ती मडगार्डला वा चाकाला टेकते का ते बघावे. दिवा झाकला गेला असेल, तर पिशवी नव्हे, दिवा हलवावा.

नव्या पिशवीने साहित्यिकपणाला बाध येतो, असे आमच्यातल्याच एकाचे म्हणणे आहे. असो. शबनम मागच्या कॅरिअरच्या चिमट्यात उत्तम बसते. बंद तेवढा आत दुमडावा.