वर्गणीची पावती

गेलं वर्षभर एक वाक्य माझा पिच्छा सोडत नाही. शाळेचं स्नेहसंमेलन असो, पुस्तकाचं प्रकाशन असो की एखाद्याची सेवानिवृत्ती, वक्ता कोरोनाच्या दिवसांवर आला की हमखास म्हणतो, ‘माणसं घरात कोंडली गेली, पण मोबाइलनं माणसाला माणसाशी जोडून ठेवलं.’ टाळ्या पडतात. मग गावातल्या आशाताईंना मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं जातं, ‘कोरोना योद्धा’ म्हणून पुन्हा टाळ्या पडतात. आणि याच आशाताई लाल झेंडे घेऊन नांदेडला जिल्हा परिषदेसमोर बसल्या की त्याच मंचावरची मंडळी विचारतात, ‘यांना आता कुणी फूस लावली?’

हे वाक्य आणि हा प्रश्न एकाच तोंडून ऐकला की माझा संताप होतो. कंधार तालुक्यात कोरोनाच्या दोन वर्षांत वाडी-तांड्यापर्यंत जी विचारपूस पोहोचली, ती आशांनी पोहोचवली. आणि त्या आशांना एकमेकींशी धरून ठेवलं ते त्यांच्या संघटनेनं. मोबाइल हातात होता, पण कुणाला फोन करायचा, काय विचारायचं, उत्तर मिळालं नाही तर कुणाच्या दारात जायचं, हे त्यांना संघटनेनं शिकवलं. आपण शाल देतो ती व्यक्तीला. संघटनेचं नाव घ्यायला मात्र आपली जीभ रेटत नाही.

वाचकहो, दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर वर्षाचा आढावा असतो, याची तुम्हाला सवय आहे. यंदा तो थोडक्यात उरकतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ पाण्याखाली गेली, लष्कर बोलवावं लागलं. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यातलं उभं सोयाबीन कुजवलं. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय आला आणि जूनअखेर मागं घेतला गेला. या सगळ्यावर अंकात जाणकारांनी लिहिलं आहे. अंकाचं सूत्र ‘शेजार’ आहे, आणि शेजार म्हणताच मला आधी आठवते ती गावातलीच, गावानंच निवडलेली, हजार लोकवस्तीमागे एक अशी आशा.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा ही योजना आली. आशा कर्मचारी नाही, ती स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामावर आधारित मोबदला. गरोदर बाईची नोंद, दवाखान्यातलं बाळंतपण, बाळाचं लसीकरण, क्षयरोग्याला गोळ्या, प्रत्येकाचा दर वेगळा आणि प्रत्येकाचा कागद वेगळा. वीस-पंचवीस आशांमागे एक गटप्रवर्तक. महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात बैठक. कुरुळा, पेठवडज, बारूळ, पानशेवडी, उस्माननगर या केंद्रांवरच्या त्या बैठकीत तालुक्यातल्या बायका एरवी एकमेकींना भेटतात. संघटनेचं कामही तिथंच चालायचं. बैठक उठली की व्हरांड्यात वर्गणीची पावती फाडली जायची, कुणाचं बिल अडलं ते कळायचं, नांदेडच्या धरण्याची तारीख सांगितली जायची.

मार्च २०२० मध्ये हे सगळं एका रात्रीत थांबलं. एसटी बंद, बैठक बंद, पाच माणसं एकत्र जमायला बंदी. २२ एप्रिलला नांदेड शहरात पीरबुऱ्हाणनगरात जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला. त्याच सुमारास, १७ एप्रिलला, राज्य सरकारनं साखर कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड कामगारांना गावी परतायला परवानगी दिली. ३८ कारखान्यांच्या तळांवर १ लाख ३१ हजार माणसं होती. आपल्या कंधार, लोहा, मुखेडच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी बिऱ्हाडं त्यांत होती. ती आली, आणि त्यांना शिवारात, शाळेत वेगळं ठेवायचं, नावं लिहायची, चौदा दिवस रोज ताप विचारायचा, हे काम आशाच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला तोंडाला बांधायला रुमाल आणि ओढणी. गावकरी म्हणायचे, ‘तूच रोग घरोघर फिरवायलीस.’ काही घरांनी तर दारच उघडलं नाही.

या दिवसांबद्दल मी तालुक्यातल्या आशांशी अनेकदा बोललो. त्यांच्या सांगण्यात सरकारी आदेशांपेक्षा एक वही जास्त वेळा येते. तांड्यावरच्या एका आशाची ती वही मी पाहिली आहे. पुढच्या पानांवर गरोदर माता, पाळीच्या तारखा, लसीचे डोस. मागून उघडली की निळ्या शाईत आपल्या केंद्रातल्या सगळ्या आशांची नावं, समोर नंबर, आणि नंबरासमोर खुणा. गोल म्हणजे साधा, बटणाचा फोन. फुली म्हणजे फोन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो, संध्याकाळी सातनंतरच करायचा. तारा म्हणजे गावात रेंज नाही, माळावर येते तेव्हा तीच करते. संघटनेच्या तालुका कमिटीनं हे काम वाटून दिलं होतं : एकीनं पाचजणींना फोन करायचा, आणि रोज. पाचातली एखादी दोन दिवस बोलली नाही, तर तिच्या शेजारच्या गावच्या आशानं चालत जाऊन पाहायचं.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप होता. पण निम्म्या बायका त्यावर नव्हत्या, आणि होत्या त्यांचं रिचार्ज त्यांच्याच पदरचं होतं. ग्रुपवर आलेलं परिपत्रक फोनवर वाचून दाखवावं लागायचं. ते काम गटप्रवर्तकांनी केलं. एकच परिपत्रक, वीस वेळा, वीसजणींना, शब्दन् शब्द, कारण त्यात लिहिलेलं असायचं की कोणत्या कामाला किती पैसे आहेत आणि कोणतं काम आशाचं नाहीच. आदेश समजणारी बाई आणि न समजणारी बाई यांच्यात त्या दिवसांत जगण्या-मरण्याचं अंतर होतं. मास्क-सॅनिटायझर मागण्याचा हक्क आहे, हे जिला ठाऊक होतं तिनं वैद्यकीय अधिकाऱ्यापुढं उभं राहून मागितलं. जिला नव्हतं ती ओढणीवर राहिली.

आणि फोनवर काय बोलायच्या? ‘मॅडम, सासूला ताप हाय, अन् उद्या मला सर्व्हे हाय, काय करू?’ असे प्रश्न. ‘सरपंच म्हनतो नाव लिहू नको’ असे प्रश्न. एकटी बाई सरपंचापुढं दबते. तालुक्याच्या शंभर बायका तिच्या मागं आहेत हे सरपंचाला ठाऊक असलं, की नाव लिहिलं जातं. साथीच्या नोंदी खऱ्या राहायला हव्या असतील, तर नोंद करणारीच्या पाठीशी कुणीतरी लागतं. हे मी आरोग्याच्या बाजूनं बोलतो आहे.

दवाखान्यात काम करणाऱ्याला संप शोभत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी पुढच्या तारखा. ७ आणि ८ ऑगस्ट २०२० ला देशभरातल्या योजना कर्मचाऱ्यांनी, म्हणजे आशा, अंगणवाडी सेविका अशांनी, दोन दिवसांचा संप केला. मोर्चाला बंदी होती, म्हणून बायका आपापल्या उपकेंद्रासमोर, अंतर राखून, हातानं लिहिलेले पुठ्ठे धरून उभ्या राहिल्या. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी तर २० ऑगस्टला सुरू झाली. गावोगाव एकाच दिवशी, एकाच मजकुराचे पुठ्ठे दिसले, ते वहीच्या मागच्या पानांमुळे. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली, १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर, दिवसाला पन्नास घरं, ऑक्सिजन आणि ताप मोजायचा. संप केलेल्या त्याच बायकांनी ती घरं मोजली.

दुसऱ्या लाटेत आपण सगळेच होरपळलो. तेव्हा आशाला कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये मिळत होते. दिवसाचे तेहतीस-चौतीस. १५ जून २०२१ पासून राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा आणि गटप्रवर्तक त्यांच्या संघटनांच्या कृती समितीच्या हाकेवर बेमुदत संपावर गेल्या, २३ तारखेला तडजोड झाली, जुलैपासून आशांना हजाराची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला. दीड हजार रुपये. रक्कम मोठी नाही. पण सव्वा वर्ष एका छपराखाली न जमलेल्या बायका एका दिवशी थांबल्या आणि एका दिवशी कामावर परतल्या. हे मला दीड हजारापेक्षा फार मोठं वाटतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंगणवाडी सेविकांनी शासनानं दिलेले, सतत बंद पडणारे मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. पोषणाची माहिती भरायचं अॅप इंग्रजीत होतं, ते मराठीत द्या, ही त्यांची मागणी होती. मोबाइलनं माणसाला जोडलं म्हणणाऱ्या वक्त्यांनी हे आंदोलन एकदा तरी आठवावं.

साथ आणि कामगार संघटना यांचं नातं आपल्याकडं फार जुनं आहे, आणि ते एका संपादकापासून सुरू होतं, हे मला या पानावर आवर्जून सांगायचं आहे. नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली, ती त्यांच्या लढ्यातून. १८९६ च्या अखेरीस प्लेग आला तेव्हा मुंबई रिकामी होत होती. लोखंडे गेले नाहीत. कामगारांसाठी इस्पितळ उभारण्यात ते गुंतले, त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. सावित्रीबाईंची ती सेवा आपण मुलांना शिकवतो. लोखंड्यांचं नाव किती शाळांतून घेतलं जातं? आपल्या सभासदाला साथीत सोडून जायचं नाही, ही या राज्यातल्या कामगार चळवळीची पहिल्या पिढीची शिकवण आहे, आणि तिची किंमत तिच्या पहिल्या पुढाऱ्यानं जीव देऊन मोजली आहे.

कंधारला तर हे नव्यानं सांगायला नको. मन्याडच्या खोऱ्यानं भाई केशवराव धोंडगे पाहिले आहेत. गऊळचा हा माणूस शेतकरी कामगार पक्षाच्या लाल झेंड्याखाली वाडी-वस्तीवर पायी फिरला, ‘जयक्रांती’ साप्ताहिक चालवलं, गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. १ जानेवारी २०२३ ला, शंभरी गाठून, भाई गेले. फोन नसताना तालुका उभा कसा करायचा, ते या मातीत माणसांना ठाऊक होतं : गावागावात एक माणूस, त्याचं नाव-गाव तोंडपाठ, आणि निरोप गेला की नाही याची उलट खातरजमा. आशांच्या तालुका कमिटीनं तेच केलं. त्यांतल्या बहुतेकींचा जन्म भाईंच्या ऐन उमेदीनंतरचा. तरी पद्धत तीच.

मग आज काय आहे? २२ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कारानं गौरव केला. पुरस्कारानंतरही राज्याच्या मोबदल्यातल्या वाढीसाठी त्यांना २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर संप करावा लागला, कबूल केलेलं कागदावर येईना म्हणून २०२४ च्या जानेवारीत दुसरा करावा लागला, मुंबईच्या आझाद मैदानावर ठिय्या द्यावा लागला, तेव्हा मार्चमध्ये पाच हजारांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. त्या मैदानावर आपल्या भागातल्याही बायका होत्या. केंद्राचा ठरलेला मोबदला २०१८ पासून दोन हजारांवर अडला होता, तो साडेतीन हजार करण्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. आणि योजनांवर राबणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनानं २०१३ मध्येच केली आहे. सरकार, मालक आणि कामगार तिघेही ज्या परिषदेत बसतात, तिची ही शिफारस. दशक उलटून गेलं. आजही आशा स्वयंसेविकाच आहे.

मला याची चीड येते, आणि ती मी लपवणार नाही. ज्या बाईला शासन कामगार मानत नाही, तिच्या संघटनेला शासन बोलणीला बोलावतं ते संप झाल्यावर. मुखेडच्या पुरानंतर पाणी शुद्ध करायला, तापाचं सर्वेक्षण करायला चिखलातून पुन्हा आशाच फिरल्या. उद्या नवी साथ आली तर पहिला फोन त्यांनाच जाईल. तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत तहसीलदार असतात, गटविकास अधिकारी असतात, तालुका आरोग्य अधिकारी असतात. आशांच्या संघटनेची एक प्रतिनिधी तिथं हक्कानं बसली पाहिजे. कोणत्या तांड्यावर रेंज नाही, कोणती बाई सातनंतर फोन उचलते, कोणतं दार कुणाच्या शब्दावर उघडतं, हे त्या टेबलाभोवती बसलेल्यांत फक्त तिला माहीत असेल. आमच्या अंकाच्या वतीनं ही मागणी लेखी स्वरूपात तहसील कार्यालयात देत आहोत. कंधार, लोहा, मुखेडच्या वाचकांनी आपापल्या गावाच्या ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा.

आणखी एक. या अंकात तालुक्यातल्या आशांनी स्वतः लिहिलेला विभाग आहे, कोरोनाच्या दिवसांबद्दलचा. त्यांची भाषा आम्ही बदललेली नाही. इतर लेखकांना दिलं तेवढंच मानधन त्यांना दिलं आहे. त्यांनी ठरवून त्यातला वाटा तालुका कमिटीत जमा केला, त्याची पावती आम्हाला दाखवली.

दिवाळीत तुमच्या गावची आशा तुमच्या घरी येईल, बाळाच्या लसीची तारीख सांगायला किंवा म्हाताऱ्याच्या रक्तदाबाची गोळी द्यायला. फराळाला बसवाच. आणि गेल्या महिन्यांचा मोबदला तिच्या खात्यात जमा झाला का, हे तिला विचारा. झाला नसेल तर तालुका आरोग्य कार्यालयात फोन करा.