भाव, गुडघा आणि ‘आपला’ संघ

प्रो कबड्डी लीगचा लिलाव जवळ आला की वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघेत टपरीवरच्या गप्पांचा विषय बदलतो. कापूस आणि नोकरभरती काही दिवस मागे पडतात. मग कोणाची दुखापत बरी झाली, कोणाला कोणी किती रुपयांत घेतले आणि नवा संघ निघालाच तर तो विदर्भाच्या वाट्याला येईल का, या तीन प्रश्नांवर तासन् तास खल होतो. साहित्य शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी या बोलण्याकडे कान द्यावा, असे मला वाटते. हल्ली लोकसंस्कृतीचा अभ्यास प्रतिष्ठेचा झाला आहे, म्हणून मी हे म्हणत नाही. पुराव्यानिशी मत मांडणे, समोरच्याचे मत खोडणे आणि खोडले गेल्यावर नव्याने मांडणी करणे, ही जी कृती आपण वर्गात घडवून आणू पाहतो आणि जी क्वचितच घडते, ती या गप्पांत रोज घडते.

शब्दांपासून सुरुवात करू. आपल्या समीक्षेने नाटकाच्या आणि गाण्याच्या श्रोत्याला ‘रसिक’ म्हटले. कुस्ती पाहणारा ‘शौकीन’ ठरला, क्रिकेट पाहणारा ‘प्रेमी’. कबड्डी पाहणाऱ्यासाठी मात्र मराठीने वेगळा शब्द घडवण्याची तसदी घेतली नाही. तो नुसता प्रेक्षक राहिला. आणि हा प्रेक्षक काय बोलतो? चढाईपटू बोनसच्या लालसेने आत गेला तेव्हा डाव्या कोपऱ्याने घोट्याची पकड घ्यायची घाई का केली, साखळी का तुटली, तिसरी चढाई असताना धोका का पत्करला. एका पकडीवर दहा मिनिटे बोलणारी मुले मी ऐकली आहेत. तीच मुले एका कवितेवर दोन मिनिटे बोलत नाहीत. दोष मुलांचा नसावा, असा मला दाट संशय आहे.

या बोलण्यात गेल्या दशकभरात एक नवी भाषा शिरली, ती भावाची. २०१४ साली लीगच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. २०१८ मध्ये बोली कोटीच्या पुढे गेली. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत वीसपट. खेळाडूंच्या हाती पैसा आला ही आनंदाचीच गोष्ट आहे. ज्या खेळात राष्ट्रीय पातळीवर खेळूनही हाती फारसे काही लागत नसे, तिथे हे घडले. माझी तक्रार रकमेविषयी नाही, रकमेने व्यापलेल्या वाक्यांविषयी आहे. ‘कायले घेतला बे त्याले एवढ्या पैशात?’ हा प्रश्न आता ‘तो कसा खेळला?’ या प्रश्नाची जागा घेतो. चांगला खेळला तर ‘स्वस्तात पडला’, वाईट खेळला तर ‘महाग पडला’. पैसे खिशातून जातात मालकाच्या, आणि हिशेब मांडतो तो हा बिनपैशाचा चाहता. (कादंबरीच्या आवृत्त्या आणि पुरस्कारांच्या रकमा मोजणारे आपणही फार वेगळे नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.)

भाव आणि मोल यांची फारकत दाखवायला पवनचेच उदाहरण पुरे आहे. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतले. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला आणि संघाच्या पहिल्याच सामन्यात, गुजरातविरुद्ध, त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली. उरलेला पूर्ण हंगाम तो बाहेर होता. त्याच्याविना खेळलेला तो संघ प्रथमच उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढच्या लिलावात त्याचा भाव आणखी वाढला, तो हंगामभर खेळला, आणि तेलुगू टायटन्स गुणतक्त्यात शेवटच्या स्थानावर राहिले. यात पवनचा दोष शोधणे मूर्खपणाचे होईल. सात जणांचा खेळ एका माणसाच्या किमतीत मावत नाही, एवढेच म्हणता येईल.

दुखापतीविषयी आपण कसे बोलतो, तेही ऐकण्याजोगे आहे. ‘गुडघा गेला’, ‘खांदा निखळला’, ‘लिगामेंट फाटले’. सगळी क्रियापदे अकर्मक. गुडघा जणू स्वतःच्या पायांनी निघून गेला. त्याला कोणी घालवले, कशाने घालवले, याला वाक्यात जागाच नाही. जुने खेळाडू सांगतात की मातीत पाय थोडा घसरतो आणि वळणाचा जोर जमिनीत जिरतो. मॅटवर बूट घट्ट धरतो आणि तोच जोर गुडघ्यावर येतो. त्यात हंगाम महिनोन्महिन्यांचा, सामने लागोपाठचे. हे सारे माहीत असूनही वाक्य अकर्मकच राहते. आणि लगेच पुढचे वाक्य येते: ‘आता आपला सीझन वाया.’ गुडघा त्याचा, सीझन आपला.

तरी लीगमधल्या खेळाडूच्या गुडघ्याची निदान बातमी होते. असलम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात तो दुखापतीमुळे बाहेर गेला आणि विजेता संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. त्याच्या प्रकृतीची विचारपूस अवघा महाराष्ट्र करीत होता. २०२५ मध्ये तो परतला, संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला आणि दिल्लीकडून तीन गुणांनी हरला. आमच्या भागात हिवाळ्यात गावोगाव वजनगटाचे खुले सामने होतात, रात्री दिव्यांच्या उजेडात, ध्वनिक्षेपकावर धावते समालोचन चालू असते. तिथे ज्याचा गुडघा जातो त्याच्याविषयी दुसऱ्या दिवशी कोणी बोलत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा गेला. वर्गणी झाली, शस्त्रक्रियेला ती पुरली नाही, शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. तो आता जिने चढताना कठडा धरतो आणि लिलावाचे आकडे त्याला सगळ्यांत जास्त पाठ असतात.

कबड्डीच्या जुन्या परिभाषेत खेळाचे तीन प्रकार सांगितले जात: अमर, गामिनी आणि संजीवनी. ‘अमर’मध्ये बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नसे, समोरच्यांना फक्त गुण मिळे. ‘गामिनी’मध्ये बाद झालेला बाहेरच बसे, सगळा संघ बाद होईपर्यंत. ‘संजीवनी’मध्ये आपल्या संघाने गुण मिळवला की बाद खेळाडू पुन्हा जिवंत होई, आजचा खेळ याच पद्धतीचा आहे. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांना भाषेचा कान होता. खेळाडूने बाद होणे म्हणजे मरणे, साथीदाराच्या पराक्रमाने परत येणे म्हणजे जगणे, ही कल्पना नियमातच गोवलेली आहे. आपण मात्र ‘सुपर टॅकल’ आणि ‘डू ऑर डाय’ म्हणू लागलो. परभाषेतले शब्द घेण्याला माझा आक्षेप नाही, पण घरचे शब्द अडगळीत टाकण्याची एवढी घाई का, ते कळत नाही. सुदैवाने ‘लोण’ अजून लोणच आहे.

आता विस्ताराचा प्रश्न. आठ संघांची लीग २०१७ मध्ये बारा संघांची झाली. हरियाणा, गुजरात, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेशाला संघ मिळाले. महाराष्ट्राचे दोन आधीपासूनच होते, मुंबई आणि पुणे. विदर्भाला मिळाले ते वेगळेच काही: त्या वर्षी ऑगस्टमध्ये बेंगळुरू बुल्सने आपले ‘घरचे’ सामने नागपूरच्या मानकापूर क्रीडा संकुलात खेळले. इकडून गाड्या करून मुले गेली आणि कानडी संघाला घरचा संघ म्हणून ओरडून आली. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. ज्याला घर मिळत नाही तो पाहुण्याचे घर आपले मानतो.

विदर्भाची मागणी पोकळ नाही. राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक जगापुढे ठेवले ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. वारसा मोठा आहे. पण लिलावातून उभा राहिलेला, नागपूरचे नाव छापलेला संघ या वारशाचा वारस होईल का? लिलावाची रीत अशी की दर काही वर्षांनी बहुतेक संघ विसर्जित होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई एका हंगामात यू मुंबाचा होता, पुढच्या हंगामात १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सचा झाला. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूने पुण्याच्या बाजूने हरियाणाला अंतिम सामन्यात हरवले आणि पुढच्याच हंगामात, २९ डिसेंबर २०२४ रोजी, पुण्याच्या बालेवाडीतच हरियाणाच्या गणवेशात करंडक उचलला. गॅलरीतल्या पुणेकराने टाळ्या वाजवायच्या की हात बांधून बसायचे?

अशा वेळी ‘भाडोत्री’ हा शब्द सर्रास फेकला जातो. तो मला मान्य नाही. विदर्भाने २०१७-१८ मध्ये प्रथमच रणजी करंडक जिंकला तेव्हा संघात मुंबईचा वासिम जाफर होता, प्रशिक्षक मुंबईचेच चंद्रकांत पंडित. त्यांना कोणी भाडोत्री म्हटले नाही. पुढच्या वर्षीही तेच होते, करंडक पुन्हा आला, आणि माणसे आपली झाली. जन्मगाव कोणाला आपले करीत नाही, मुक्काम करतो. हा मुक्काम लीगच्या रचनेत बसत नाही. म्हणून नव्या संघासाठी निवेदने देणाऱ्या आमच्या मित्रांना मी आधी दोन गोष्टी मागायला सांगतो. संघाने आपले निदान निम्मे खेळाडू दीर्घकाळ राखावेत, आणि ज्या प्रदेशाचे नाव लावायचे तिथल्या खुल्या सामन्यांत खेळणाऱ्या मुलांचा विमा त्या संघाने उतरावा. मित्र म्हणतात, असे केले तर कोणी मालक पुढे येणार नाही. येणार नसेल तर नागपूरचे नाव घेणारा संघ आला काय आणि पुन्हा बेंगळुरूचा आला काय, मानकापूरच्या गॅलरीत बसणाऱ्याला फरक फक्त गणवेशाच्या रंगाचा पडेल. यावर त्यांचे उत्तर अजून यायचे आहे. यंदाच्या हिवाळी सामन्यांची वर्गणीपुस्तके मात्र छापून आली आहेत, आणि या वेळी त्यात औषधोपचारासाठी एक वेगळा रकाना आहे.