आधी काट्यावर चढा

दहिसरमध्ये विमानाचा विषय निघाला की लोकांना इथलं रडार आठवतं आणि त्याच्या उंचीच्या बंधनापायी रखडलेल्या इमारती. त्यापुढे गप्पा गेल्याच तर तळपदे येतात. शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट आमच्या सोसायटीत गणपतीत कुणीतरी सांगतंच. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मला राहवत नाही. मी विचारते, त्या विमानाचं वजन किती होतं आणि तोल कुठे होता? मग विषय मोदकांकडे वळतो. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी 1974 साली प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथातली विमानं गणिताने तपासली आणि ती उडण्याजोगी नाहीत असं स्पष्ट लिहिलं. तरीही 2015 साली मुंबईतच, सायन्स काँग्रेसमध्ये, प्राचीन विमानांवर भाषण झालं. आकडे कुणाला हवे असतात?

मला ते हवेसे वाटू लागले पुण्यात, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर. कॉलेजात असताना मी तिथे शिकायला जात असे. शिक्षकांनी पहिल्यांदा काय केलं, तर मला सर्वांदेखत काट्यावर उभं केलं आणि वजन कमी भरलं म्हणून ग्लायडरला शिसं लावलं. मुलं हसली. तिथेच एक ग्लायडर तोलताना पाहिला, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

हँगरची दारं आधी बंद करतात, कारण झुळूक आली की पंख थोडं वजन उचलतो आणि काटा खोटं बोलतो. मुख्य चाक एका काट्यावर, शेपूट दुसऱ्यावर. शेपटीखाली ठोकळे सारून ग्लायडर त्याच्या पुस्तकात सांगितलेल्या पातळीवर आणायचा, स्पिरिट लेव्हल लावून. मग पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खूण करायची आणि टेपने अंतरं मोजायची. दुरुस्ती झाली, नवा रंग दिला, की हे सगळं पुन्हा.

गणित सातवीतल्या मुलाला जमेल असं आहे. समजा चाकावर 210 किलो भरले, शेपटीवर 30, आणि दोन्हींमध्ये अंतर चार मीटर. 30 गुणिले 4000, भागिले 240. म्हणजे रिकाम्या ग्लायडरचा गुरुत्वमध्य चाकाच्या मागे 500 मिलिमीटरवर. चाक पंखाच्या कडेमागे 110 वर असेल, तर कडेपासून 610. आता कडेच्या 500 पुढे 80 किलोचा वैमानिक बसला की तो मध्य सुमारे 333 वर येतो. 55 किलोची मुलगी बसली तर 403 वर. मागची मर्यादा 380 असेल, तर या मुलीने तसंच उडणं धोक्याचं. तोल मागे गेला की नियंत्रणाचा दांडा हलका लागतो, नाक वर-खाली करू लागतं आणि गिरकीत सापडलेला ग्लायडर बाहेर काढणं अवघड होतं. उपाय चार किलो शिशाचा: नाकात, कडेच्या दीड मीटर पुढे. कावड खांद्यावर घेणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. उलट शेपटीवर एक किलो रंग चढला, तर तो तेवढ्यावर थांबत नाही. त्याच्यासाठी नाकात दोन किलो भरावे लागतात.

मोठ्या विमानांत माणसांची सरासरी वजनं धरून काम भागवतात, आणि बहुतेक वेळा भागतंही. 8 जानेवारी 2003 ला अमेरिकेत शार्लटला एक बीच 1900 विमान उडताच कोसळलं, 21 माणसं गेली. शेपटीच्या एलेव्हेटरची केबल चुकीची जुळवली होती, हे एक कारण. दुसरं असं, की कागदावर मर्यादेत बसलेलं विमान प्रत्यक्षात जड होतं आणि तोल मागच्या मर्यादेपलीकडे होता. त्यानंतर तिथल्या सरासरी वाढवल्या गेल्या. 2023 मध्ये एअर न्यूझीलंडने प्रवाशांना काट्यावर उभं केलं, तेव्हा आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बाईला वजन विचारू नये हा शिष्टाचार जमिनीवर पाळावा. ग्लायडरमध्ये शिकणाऱ्या मुलीने लाजून पाच किलो जास्त सांगितले तर ते शिसं कोण लावणार?

आपल्याकडे उडायची हौस कमी नाही. आमच्यापासून दोनच स्टेशनं पलीकडे, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं.  पण त्याचे फोटो पाहणाऱ्या मुलांच्या हातात काटा कुणी देत नाही. पाठ्यपुस्तकातला गुरुत्वमध्य पुठ्ठ्याच्या त्रिकोणाला दोरा बांधून संपतो.

थर्माकोलचा ग्लायडर, स्वयंपाकघरातले दोन डिजिटल काटे, फूटपट्टी आणि नाकात टोचायला खिळे एवढ्यावर दहावीचा एक प्रयोग होतो. मी तो सोसायटीच्या गच्चीवर मुलांकडून करून घेते. शिक्षण मंडळाने तो प्रयोगवहीत घालावा. आणि हडपसरला ग्लायडर काट्यावर चढेल त्या दिवशी मुंबई-पुण्याच्या शाळांतली दहा-बारा मुलं आत घ्यावीत. दार बंद ठेवायचंच असतं. मुलं आतल्या बाजूला असू द्यावीत.